‘करण्यात येत आहे’ याला पर्याय आहे का? सूचनेतले आडवळण आणि सूचनेतली लांबण

प्रश्न : सोसायटीचा सचिव

आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवपदाचे काम सध्या माझ्याकडे आहे, आणि त्या निमित्ताने फलकावर लावायच्या सूचना मलाच लिहाव्या लागतात. माझ्या आधीच्या सचिवांनी एक फाइल ठेवून दिली आहे. तिच्यात प्रत्येक प्रसंगाचा साचा तयार आहे. पाण्याच्या टाक्या धुण्याचा साचा असा आहे :

‘सर्व सन्माननीय सभासदांना या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, संस्थेच्या पाण्याच्या टाक्यांच्या स्वच्छतेचे काम हाती घेण्यात येणार असल्याकारणाने येत्या गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ४ या कालावधीत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल, याची सर्व संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी व सहकार्य करावे, ही विनंती.’

फलकासमोर कोणी थांबून वाचत नाही, लोक जाता जाता नजर टाकतात, असे पाहून मी या वेळी ती सूचना अशी लिहिली : ‘गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ४ पाणी येणार नाही. टाक्या धुवायच्या आहेत. आदल्या रात्री पाणी भरून ठेवा.’

त्यावर दोन ज्येष्ठ सभासदांनी मला जिन्यातच गाठले. ‘ही काय सूचना झाली? घरात मुलांना दटावतात तसे लिहिले आहे,’ असे त्यांचे म्हणणे होते. मजकुरात चूक नव्हती आणि कुणाचा अपमान करण्याचा माझा हेतूही नव्हता, तरी आक्षेप अगदी मनापासून घेतला गेला, त्यामुळे मला तो सहज बाजूला सारता येत नाही. माझ्यापुढे असे प्रश्न आहेत. लांबलचक आणि आडवळणी बोलण्यात खरोखरच काही आदर असतो का, की ती केवळ कचेरीची सवय आहे? ही सवय इंग्रजीतून आली, असे सगळे म्हणतात ते कितपत खरे आहे? आणि उद्धट न वाटणारी, पण दोन ओळींत संपणारी सूचना मराठीत लिहिण्याची रीत कोणती?

उत्तर : निवृत्त कक्ष अधिकारी

आपल्या फाइलीतला साचा मी लगेच ओळखला, कारण नोकरीतली बरीच वर्षे मी त्याच साच्यात लिहिले आहे. तो शासकीय पत्राचा साचा आहे आणि सोसायट्या, पतपेढ्या, शाळा, वाचनालये या सगळ्यांनी तो तिथूनच उचलला आहे. त्यामुळे तो मूळ ठिकाणी कशासाठी होता हे आधी पाहावे, म्हणजे आपल्या फलकावर त्याचे काय काम आहे ते ठरवता येईल.

शासन निर्णय म्हणजे ज्याला सगळे जण ‘जीआर’ म्हणतात, तो कागद डोळ्यांसमोर आणा. आधी प्रस्तावना असते आणि तिच्या शेवटी ‘… ही बाब शासनाच्या विचाराधीन होती’ असे वाक्य येते. मग मुख्य निर्णय येतो, ‘… यास मान्यता देण्यात येत आहे.’ शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे लिहून खाली एखाद्या उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची सही असते. ही शेवटची ओळ शोभेची नाही. राज्य शासनाची कार्यकारी कारवाई राज्यपालांच्या नावाने झाल्याचे व्यक्त व्हावे, असे संविधानाच्या अनुच्छेद १६६ मध्ये सांगितले आहे. निर्णय घेतला मंत्र्यांनी किंवा मंत्रिमंडळाने, सही केली उपसचिवाने, आणि नाव राज्यपालांचे. अशा वेळी ‘मी मान्यता देत आहे’ हे वाक्य तिघांपैकी कोणाच्या तोंडी घालणार? ‘देण्यात येत आहे’ या रचनेने तो पेच सोडवला. तिथे कर्ता लपवलेला नसतो. कर्ता म्हणून एक व्यक्ती दाखवता येत नाही, इतकेच.

या क्रियापदांत अंतरही पुष्कळ असते आणि बाहेरच्या वाचकाला ते सहसा दिसत नाही. ‘मान्यता देण्यात येत आहे’ म्हणजे काम झाले, आजपासून आदेश लागू. ‘मान्यता देण्यात यावी’ म्हणजे खालच्या कार्यालयाला निर्देश आहे, पण अजून काही घडलेले नाही. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे कल्पना पटली, पैशांचे नंतर पाहू. ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणजे खर्च आधीच झाला आहे आणि कागद मागून येत आहे. ‘बाब विचाराधीन आहे’ याचा अर्थ काहीच होत नाही, असा घेतला तर फारसे चुकत नाही. ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून अर्ज पुढे पाठवला असेल, तर काय करायचे ते पाठवणाऱ्याने सांगितलेले नाही, फक्त कागद आपल्या टेबलावरून हलवला आहे. टिपणीत ‘प्रस्ताव मान्य करण्यात यावा किंवा कसे, याबाबत आदेशार्थ सादर’ असे लिहिणारा सहायक ‘किंवा कसे’ या दोन शब्दांत आपले मत देण्याचे टाळतो, कारण मत देणे त्याच्या अधिकारात नाही. ते दोन शब्द मला आजही कौतुकाचे वाटतात.

इतके समर्थन केल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जिथे कर्ता ठाऊक आहे आणि तो सांगणे बंधनकारक आहे, तिथेही हीच रचना वापरली जाते. नागरिकाला ‘आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे’ असे एका ओळीचे पत्र जाते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे अर्ज फेटाळला तर कारण, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचे याचा तपशील कळवावाच लागतो. त्यामुळे तिथे असे पत्र पुरत नाही. इतर पत्रव्यवहारात मात्र ते खपून जाते. विलंब रोखण्यासाठी राज्याने जो कायदा केला, त्याप्रमाणे कर्मचाऱ्याने फाइल सर्वसाधारणपणे सात कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त काळ अडवून ठेवायची नाही. त्या कायद्याचे नाव ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’ असे आहे. आम्ही कचेरीत त्याला ‘बदल्यांचा कायदा’ म्हणत असू.

इंग्रजीबद्दल विचारलेत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले आणि पदनाम कोश १९६२ मध्ये निघाला. त्याआधीच्या फाइली इंग्रजीत होत्या, नमुने इंग्रजीत होते, आणि पहिल्या पिढीने ते नमुने समोर ठेवूनच मराठी मसुदे केले. ‘या सूचनेद्वारे कळविण्यात येते की’ ही सुरुवात त्या नमुन्यांतून आली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सगळा दोष तिकडे ढकलू नये. नेमलेला शब्द वापरला की वरिष्ठ लाल पेन उचलत नाहीत, हे कारण त्याहून बळकट होते.

आपल्या सोसायटीत सचिव एकच आहे, काम टाक्या धुण्याचे आहे आणि राज्यपाल कोणी नाहीत. साचा बाजूला ठेवायला हरकत दिसत नाही.

उत्तर : क्रियापद

वरील उत्तर शासकीय बाजूने पूर्ण आहे. मी केवळ व्याकरणाच्या बाजूने भर घालतो, कारण आडवळण आणि लांबण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या चर्चेत त्या एकच धरल्या जात आहेत, असे मला वाटते.

कर्त्याला बाजूला ठेवून बोलण्याची सोय मराठीत फार जुनी आहे आणि ती मुळात अतिशय आटोपशीर आहे. ज्ञानेश्वरीच्या भाषेत ‘कीजे’, ‘बोलिजे’ अशी रूपे जागोजागी सापडतात. एकाच शब्दात क्रिया सांगितली जाते आणि ती कोणी करायची हे मोकळे राहते. शालेय व्याकरणात याला पुराण कर्मणी म्हणतात. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांच्या शेवटी येणारे ‘जाणिजे’ हे त्याच घराण्यातले रूप आहे. आपल्या साच्यातल्या ‘याची सर्व संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी’ या सबंध शेपटाचे काम तो एक शब्द करीत असे. त्या पत्रांत पाल्हाळ नव्हता असे नाही. मायन्यातल्या पदव्या, कुशल कळवण्याची ठरलेली वाक्ये, ‘बहुत काय लिहिणे’ हा समारोप, हे सगळे साचेच होते. पण साचा दोन्ही टोकांना असे आणि मधला मजकूर थेट असे. आज्ञासुद्धा ‘पाठवणे’, ‘ताकीद करणे’, ‘कळवणे’ अशा उघड्या रूपात येते. शिवाजी महाराजांचे १६७० च्या दशकातले चिपळूणजवळच्या लष्करी तळाला उद्देशून लिहिलेले पत्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. रात्री दिवा तसाच जळत ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, गवत गेले की घोडी वाचणार नाहीत, अशा शब्दांत तिथे बजावले आहे. सरकारी कागदच आहे तो, पण त्यातला उंदीर डोळ्यांसमोर उभा राहतो.

आता ‘-ण्यात येणे’ कडे वळू. ही रचना आणि ‘पकडला गेला’ ही रचना, दोन्हींना नवीन कर्मणी म्हणतात आणि दोन्हींचा प्रसार इंग्रजी वळणाच्या गद्याबरोबर झाला. प्रश्न असा की मराठीला यांची गरज कुठे पडते? इथे एक साधी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालते. ‘मी पत्र पाठवले’, ‘समितीने पत्र पाठवले’, आणि कर्ता गाळला तरी ‘पत्र पाठवले’. क्रियापदाला ‘पत्र’ या शब्दाचा आधार आहे, त्यामुळे कर्ता गेला तरी वाक्य उभेच राहते. मग ‘पत्र पाठवण्यात आले’ असे लिहून काय मिळवले? ‘सभासदांना पत्र पाठवले आहे’ यात कर्ता नाही, कर्मणीचा खटाटोप नाही आणि कानाला काही खटकतही नाही. विध्यर्थाचेही तेच. ‘अर्ज कार्यालयात द्यावा’, ‘थकबाकी भरावी’, ‘जिन्यात चपला ठेवू नयेत’ या वाक्यांत कोणीही कर्ता नाही आणि कोणालाही ती अपुरी वाटत नाहीत. ‘चपला ठेवण्यात येऊ नयेत’ असे लिहिणारा माणूस एक शब्द वाया घालवतो आणि वाक्याची धारही घालवतो.

अडचण येते ती वर्तमान आणि भविष्यकाळात. तिथे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. ‘पाठवतो’, ‘पाठवू’, ‘पाठवील’ यांपैकी काहीही लिहिले तरी कोण पाठवणार ते क्रियापदच सांगते. कर्ता सांगायचा नसेल तर तिथे ‘पाठवले जाईल’ किंवा ‘पाठवण्यात येईल’ ही रूपे उपयोगी पडतात. म्हणजे या रचनेला तिची स्वतःची जागा आहे, पण ती लहान आहे. आपल्या साच्यात ती तीनदा आली आहे. ‘कळविण्यात येते’ अनावश्यक आहे, कारण सूचना फलकावर आहे म्हणजे कळवलेलेच आहे. ‘हाती घेण्यात येणार’ याऐवजी ‘धुवायच्या आहेत’ हे आपण केलेत, आणि ‘-आयचे आहे’ हे रूपही कर्त्यावाचून चालते. ‘बंद ठेवण्यात येईल’ इथे ती रचना एक वेळ शोभली असती, पण ‘पाणी येणार नाही’ म्हटल्यावर तीही नको. या वाक्यात पाणी हाच कर्ता झाला आणि टाकी कोण बंद करणार हा विषयच उरला नाही. आडवळण पूर्ण साधले, तेही तीन शब्दांत.

म्हणून ज्येष्ठ सभासदांच्या आक्षेपाचे कारण मी आखूडपणात शोधणार नाही. आपल्या सूचनेतले पहिले वाक्य कोणाला खुपले नसणार, दुसरेही नाही. खुपले ते ‘भरून ठेवा’. ते आज्ञार्थी आहे, समोरच्याकडे बोट करून केलेले आहे, आणि ‘ठेवा’ हे आदरार्थी अनेकवचन असले तरी आज्ञा ती आज्ञाच. ‘आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे’ असे लिहा. एका अक्षराचा फरक आहे, पण कोणी जिन्यात अडवणार नाही. मराठीत आदर शब्दसंख्येने येत नाही, तो क्रियापदाच्या अर्थाने येतो, म्हणजे आज्ञार्थ की विध्यर्थ यावर बरेचसे ठरते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणापासून आपण प्रयोगांची नावे पाठ करीत आलो आहोत, पण कोणता प्रयोग कुठे शोभतो हे शाळेत क्वचितच शिकवले जाते.

उत्तर : माजघर

मी मराठीची शिक्षिका होते आणि माझे माहेर सिंधुदुर्गातले आहे. ‘क्रियापद’ यांनी आडवळण आणि लांबण वेगळी केली, त्याला घरातल्या भाषेचा पुरावा जोडते.

आमच्या घरी दिवा ‘विझवत’ नसत, ‘वाढवत’ असत. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’, नारळ फोडायचा तर तोही ‘वाढवायचा’, आणि बाजारपेठेतले दुकानदार रात्री दुकान ‘वाढवून’ घरी जात. निघताना ‘जाते’ म्हटले तर आजी थांबवून ‘येते म्हण’ असे सांगायची. साप चावला हे तोंडातून काढायचे नाही, ‘पान लागले’ म्हणायचे, आणि रात्री तर सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणायचे. हे सगळे आडवळण आहे, अशुभ टाळण्यासाठी केलेले आहे, पण यात एकही शब्द जास्तीचा नाही. एका क्रियापदाच्या जागी दुसरे ठेवले, झाले. ऐकणाऱ्याला अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे समजावून सांगण्याची गरज नसते.

लांबण यायची ती एकाच ठिकाणी, ती म्हणजे नवऱ्याबद्दल बोलताना. नाव घ्यायचे नाही, ‘तू’ म्हणायचे नाही, आणि जुन्या घरांत ‘तुम्ही’ म्हणणेही जड जायचे. मग ‘इकडून येणं कधी झालं?’, ‘तिकडून जेवण व्हायचं आहे’, ‘स्वारी बाहेर गेली आहे’. या वाक्यांत माणूसच नाही, नुसती दिशा आहे आणि ‘येणं’, ‘जेवण’ अशी क्रियेची नामे आहेत. ‘येणं झालं’ आणि ‘करण्यात आलं’ यांची ठेवण किती सारखी आहे पाहा. दोन्हींत क्रियेचे नाम करून कर्ता पुसलेला आहे. एकीकडे तो फार मोठा म्हणून पुसला आणि दुसरीकडे त्याला जबाबदार धरता येऊ नये म्हणून. माझ्या आजीला सरकारी भाषा शिकवावी लागली नसती.

अलंकारशास्त्रातही हा भेद आहे. पर्यायोक्त किंवा पर्यायोक्ती म्हणजे सांगायचे ते सरळ न सांगता दुसऱ्या वाटेने सांगणे. ‘त्याचे वडील सध्या सरकारी पाहुणचार घेत आहेत’ हे शाळेतले उदाहरण सर्वांना आठवत असेल. संस्कृत ग्रंथांत विष्णूला नमस्कार करताना त्याचे नाव न घेता, ज्याच्यामुळे राहूच्या पत्नीला पतीचे आलिंगन कायमचे अंतरले त्याला वंदन असो, अशा अर्थाचा श्लोक देतात. राहूचे मस्तक धडावेगळे केले, हे वाचकाने स्वतः जुळवायचे. या आडवळणात वाचकाला काहीतरी जास्त मिळते. ‘स्वच्छतेचे काम हाती घेण्यात येणार असल्याकारणाने’ यात काय जास्त मिळाले? ‘असल्याकारणाने’ या शब्दातले ‘कारण’ काढून ‘असल्याने’ लिहिले तरी कारण तिथेच असते.

घरातल्या आडवळणाने घातही होतो, तोही सांगून ठेवते. मुलींना ‘बरं नाही’, ‘अडचण आहे’, ‘बाहेरची झाली’ असेच बोलायला शिकवले, आणि मग दवाखान्यात डॉक्टरांनी नेमके विचारले तरी तोंडातून ‘बरं नाही’ यापलीकडे शब्द निघत नाही. माझ्या वर्गात दरवर्षी अशा मुली असत. त्यांना आरोग्याच्या तासाला ‘पाळी’ हा शब्द मोठ्याने म्हणायला लावणे, हे मी माझ्या विषयाबाहेरचे काम आनंदाने केले.

सोसायटीचा सचिव

सर्वांचे आभार. ‘ठेवावे’ ही दुरुस्ती आजच केली आहे. एक शंका उरते. कर्ता गाळणे मराठीला इतके सोपे असेल, तर आखूड वाक्यातूनही जबाबदारी झटकता येईलच की. मग ‘करण्यात आले’ यावरच राग का? दुसरे असे की सूचनेचे ठीक आहे, पण सभेच्या इतिवृत्ताचे काय? तिथेही साचा तोच आहे आणि तो कागद उद्या सहकार खात्याच्या उपनिबंधकांसमोर जाऊ शकतो.

उत्तर : रात्रपाळी

पहिल्या शंकेवर लिहितो. मी मराठी दैनिकात बातम्या संपादित करतो आणि हा प्रकार रोज हाताखालून जातो.

पोलिसांकडून येणारी प्रेसनोट ही लांबणीची शाळाच आहे. ‘सदर इसमास ताब्यात घेऊन अधिक विचारपूस केली असता त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली’ हे वाक्य इतक्यांदा वाचले आहे की उडवाउडवीखेरीज दुसरे उत्तर कोणी दिल्याचे मला आठवत नाही. पण अशा वाक्यात निदान कोणी काय केले ते सापडते. खरी काळजी आखूड वाक्यांची घ्यावी लागते. एकाच घटनेची तीन वाक्ये पाहा : ‘पोलिसांनी लाठीमार केला’, ‘सौम्य लाठीमार करण्यात आला’, ‘लाठीमार झाला’. लांबीने मधले वाक्य सर्वांत मोठे आहे, पण ‘करण्यात आला’ असे वाचल्यावर, कोणीतरी केला, एवढे तरी मनात उरते. ‘झाला’ म्हटले की लाठीमार पावसासारखा पडून गेला. ‘आगीत गोदाम भस्मसात झाले’ इथे ‘झाले’ रास्त आहे, कारण आग कोणी लावली ते ठाऊक नाही. ‘चकमकीत दोघे ठार झाले’ इथे ते रास्त आहे की नाही, हे ठरवताना उपसंपादकाने थांबायला हवे. आणि ‘सौम्य’ हा शब्द तर मी दिसला की काढतो. लाठी खाणाऱ्याला विचारल्याशिवाय तो लिहू नये.

‘समजते’ हेही असेच. ‘मंत्री राजीनामा देणार असल्याचे समजते.’ कोणाला समजते, कोणाकडून समजते? एका शब्दात सांगणारा आणि ऐकणारा दोघेही गायब. त्यामानाने ‘असे सूत्रांकडून सांगण्यात आले’ यात निदान सूत्रे तरी आहेत, मग ती कितीही धूसर असोत.

तेव्हा माझे काम ‘करण्यात’ शोधून खोडणे एवढ्यावर भागत नाही. भूतकाळात ते बहुधा खोडता येते, ते ‘क्रियापद’ यांनी सांगितलेच. ‘बांधकामे पाडण्यात आली’ याचे ‘महापालिकेने बांधकामे पाडली’ करायला एक फोन पुरतो. पण तो फोन केला नाही आणि नुसते ‘बांधकामे पाडली’ असे केले, तर वाक्य सुटसुटीत झाले तरी बातमी होती तितकीच अपुरी राहिली. नवीन उपसंपादकांना हे पटवणे कठीण जाते, कारण शब्द कमी केल्याचे समाधान लगेच मिळते. ‘पार्श्वभूमीवर’ आणि ‘माध्यमातून’ हे दोन शब्द मात्र डोळे मिटून काढावेत. ‘निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर बैठक’ म्हणजे निवडणुकीसाठी बैठक, आणि ‘पथनाट्याच्या माध्यमातून जनजागृती’ म्हणजे पथनाट्यातून जनजागृती.

उत्तर : निवृत्त कक्ष अधिकारी

इतिवृत्ताबद्दल लिहितो. संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली आहे, त्यामुळे आपण म्हणता तसे इतिवृत्त पुढे कोणासमोरही जाऊ शकते. पण त्यासाठी लांब भाषेची अट कोठेही नाही, अचूक मजकुराची आहे.

ठरावाचा जुना साचा नीट पाहिलात तर त्यात कर्ता असतोच. ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ या दोन ओळी म्हणजे नावानिशी जबाबदारी आहे, त्या कधीही गाळू नका. वर जो मजकूर येतो, तिथे ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा करण्यात येऊन खालीलप्रमाणे ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ असे लिहितात. ‘साधकबाधक चर्चा’ झाली असेल तर कोणत्या सभासदाने कोणता आक्षेप घेतला हे एका वाक्यात लिहा, आणि झाली नसेल तर ते दोन शब्द काढा. पुढे ‘सर्वानुमते ठरले की’ एवढे पुरते. ‘ठरले’ मध्येही कर्ता नाही, पण ‘सर्वानुमते’ ने तो दाखवला आहे. बहुमताने ठरले असेल तर बाजूने किती, विरोधात किती आणि तटस्थ किती हे आकडे लिहावेत. आकडे असले की क्रियापद कोणतेही चालते.

ठरावानंतर एक ओळ बहुतेक इतिवृत्तांत नसते, ती घाला : काम कोणी करायचे आणि कधीपर्यंत. ‘गळतीबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ असा ठराव मी माझ्या स्वतःच्या सोसायटीच्या वहीत लागोपाठच्या सभांमध्ये जसाच्या तसा उतरवलेला पाहिला आहे. शेवटी एका सभेत ‘खजिनदारांनी तीन दरपत्रके मागवावीत आणि १५ दिवसांत समितीपुढे ठेवावीत’ असे लिहिले गेले, त्या पावसाळ्याआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाले. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना काढताना मात्र तारीख, वेळ, ठिकाण आणि विषयपत्रिका या चार गोष्टी पूर्ण द्या आणि १४ दिवस आधी द्या. तिथे काटकसर करू नका. टाक्यांची सूचना दोन ओळींची राहू द्या.